हाकेच्या अंतरावर मोठं हॉस्पिटल, तरी बाळं का दगावतात?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराशी महाराष्ट्राचं एक जुनं नातं आहे. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, त्यांच्यानंतर गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, ही दोन्ही जोडपी याच शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकली आणि खेड्यात काम करायला परत आली. त्याच बाल्टिमोरमध्ये 2009 साली जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साडेतेरा बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली. अख्ख्या देशाचा तेव्हाचा आकडा साडेसहाच्याही खाली होता. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉस्पिटलांपैकी एक ज्या शहरात आहे, तिथे बाळ दगावण्याचा धोका देशाच्या दुपटीहून जास्त. आणि ही बाळं काही शहरभर सारखी विखुरलेली नव्हती. त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय घरांतली होती आणि ठरावीक वस्त्यांमधली होती.

अमेरिका एवढा पैसा आरोग्यावर खर्च करते, तरी हे असं का? आणि ज्या वस्त्यांमध्ये हे घडतं, तिथल्या लोकांनी त्यावर काय केलं?

आधी आकडा नीट वाचू

एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत दगावलेली बाळं, दर हजार जिवंत जन्मांमागे किती, हा झाला शिशुमृत्यू दर. 2022 साली अमेरिकेचा हा दर 5.6 होता. गोऱ्या मातांच्या बाळांमध्ये तो साडेचारच्या आसपास होता, तर कृष्णवर्णीय मातांच्या बाळांमध्ये जवळपास 11. मूळ अमेरिकी आदिवासींमध्ये 9 च्या वर. आशियाई मातांमध्ये, ज्यात आपले भारतीयही धरले जातात, साधारण साडेतीन.

साडेचार आणि अकरा हे आकडे कागदावर फार मोठे वाटत नाहीत, म्हणून एक साधा हिशोब करून बघा. त्या वर्षी कृष्णवर्णीय मातांच्या पोटी पाच लाखांवर बाळं जन्मली. त्यांना गोऱ्या बाळांइतकीच जगण्याची संधी मिळाली असती, तर एका वर्षात तीन हजारांहून जास्त बाळं वाचली असती. दर वर्षी तीन हजार.

दुसरी गोष्ट म्हणजे, दर कमी झाला की दरीही कमी झाली असं समजायचं नसतं. 1950 साली अमेरिकेत गोऱ्या बाळांचा मृत्युदर 27 च्या आसपास होता आणि कृष्णवर्णीय बाळांचा 44 च्या आसपास. तेव्हापासून दोन्ही आकडे खूप खाली आले. लसी, प्रतिजैविकं, काचेच्या पेट्या, सगळ्याचा फायदा दोघांनाही झाला. पण तेव्हा जो फरक दीडपटीहून थोडा जास्त होता, तो आता दुपटीच्याही पुढे गेलाय. सुधारणा आली की ती आधी कोणाच्या दारात पोचते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ही बाळं जातात कशाने? सर्वांत मोठा वाटा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा. 37 आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. त्यातही अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं, किलोभराचंही न भरणारं बाळ असेल तर धोका फारच वाढतो. अमेरिकेत गोऱ्या स्त्रियांमध्ये शंभरात नऊ-साडेनऊ बाळंतपणं दिवस भरायच्या आधी होतात, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये चौदा-पंधरा. याखेरीज जन्मजात व्यंगं आहेत, झोपेत अचानक होणारे मृत्यू आहेत, आईच्या गरोदरपणातली गुंतागुंत आहे. पण दरीचं मूळ शोधायला निघालात, तर वाट वारंवार अपुऱ्या दिवसांपाशीच येते.

गरिबी, शिक्षण की रक्तातच काही?

हे ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो गरिबीचा. तो चूक नाही, अपुरा आहे. कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी आणि आईवडिलांच्या उत्पन्नाच्या नोंदी एकमेकींशी जोडून अर्थतज्ज्ञांनी 2022 मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात दिसलं की सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय मातांच्या बाळांची स्थिती सर्वांत गरीब गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षाही वाईट आहे. शिक्षणाचंही तेच. पदवीधर कृष्णवर्णीय आईच्या बाळाला शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या आईच्या बाळापेक्षा जास्त धोका असतो, हे अमेरिकेच्या आकडेवारीत अनेकदा दिसून आलंय.

मग रक्तातच काही असेल का? हा प्रश्न शिकागोच्या दोन नवजात-शिशुतज्ज्ञांनी, रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी, फार साध्या पद्धतीने सोडवला. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी घेतल्या आणि तीन गट केले: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया आणि आफ्रिकेत जन्मून नंतर अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय आया. दोष वंशाच्या जनुकांत असता, तर आफ्रिकेतून आलेल्या आयांची बाळं सर्वांत कमी वजनाची निघायला हवी होती. 1997 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा होता. त्यांच्या बाळांची वजनं गोऱ्या बाळांच्या जवळ जाणारी होती. पुढे याच संशोधकांनी स्थलांतरित घरांच्या पुढच्या पिढीकडे पाहिलं. अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या मुली जेव्हा आया झाल्या, तेव्हा हा फायदा गळून पडलेला दिसला. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदललं होतं ते त्या मुलींचं लहानपण आणि तारुण्य जिथे गेलं ते वातावरण.

आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने 1992 मध्ये या प्रक्रियेला नाव दिलं ते झिजेचं. तिला एक विचित्र गोष्ट दिसली होती. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीतल्या आयांची बाळं किशोरवयीन आयांच्या बाळांपेक्षा जास्त सुदृढ असतात, हे अपेक्षित होतं. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र वय वाढलं की धोकाही वाढत होता. तिचं म्हणणं असं की वर्षानुवर्षांचा अपमान, असुरक्षितता, घरमालकाची धास्ती, दुकानात मागे मागे फिरणारा रखवालदार, दोन-दोन नोकऱ्या, या सगळ्याची शरीर नोंद ठेवतं. रक्तदाब लवकर वाढतो, ताणाची संप्रेरकं खाली उतरत नाहीत, शरीरात सूज धुमसत राहते. गर्भ राहतो तेव्हा हे सगळं आधीच साचलेलं असतं.

एवढं कळलं की सोनोग्राफीची मशिनं वाढवून काम का भागत नाही ते लक्षात येतं. गरोदरपणाचे नऊ महिने मागची पंचवीस वर्षं धुऊन काढू शकत नाहीत.

बाल्टिमोरपुरतं बोलायचं तर ही पंचवीस नव्हे, शंभर वर्षांची गोष्ट आहे. 1910 साली या शहराने असा कायदा केला की गोऱ्यांची वस्ती असलेल्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी राहायला जायचं नाही. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला शहरी कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये असे कायदे मोडीत काढले, पण 1930 च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात रंगवल्या आणि तिथे घरकर्ज मिळणं जवळपास बंद झालं. जुनी घरं, त्यांच्या भिंतींवरचा शिशाचा रंग, ओल, जवळ धड भाजीचं दुकान नाही. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या वस्तीत पाणी उशिरा का पोचतं, हे ज्याने पाहिलंय त्याला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मिसिसिपी: भाजीपाल्याचं प्रिस्क्रिप्शन

दरी कमी करता येते का, याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालंय, आणि मला ते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर आणि 1966 मध्ये वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना सुरू झाल्यावर दक्षिणेकडच्या हॉस्पिटलांपुढे सरकारने अट ठेवली: सरकारी पैसा हवा असेल तर कृष्णवर्णीयांनाही त्याच दारातून आत घ्या. तोवर मिसिसिपीत जुलाबाने किंवा न्यूमोनियाने तडफडणारं कृष्णवर्णीय बाळ हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवलं जात होतं. पुढच्या काही वर्षांत नेमक्या याच दोन आजारांनी होणारे कृष्णवर्णीय बाळांचे मृत्यू वेगाने घसरले. डग्लस आल्मंड, केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी हे बारकाईने दाखवलंय. औषधं तीच, डॉक्टर तेच. फक्त दार उघडलं.

त्याच राज्यात माउंड बायू नावाचं छोटं गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी 1887 मध्ये वसवलेलं. 1967 च्या सुमारास तिथे डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टफ्ट्स विद्यापीठाच्या मदतीने एक आरोग्य केंद्र सुरू केलं. गायगरांनी विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क यांचं काम जवळून पाहिलं होतं. तिथे डॉक्टर तपासण्याआधी वस्ती पाहत: पाणी कुठून येतं, लोक जेवतात काय, घर कसं आहे.

माउंड बायूच्या परिसरात यंत्रं आल्यामुळे कापूस वेचणाऱ्या मजुरांची कामं गेली होती. बायाबापड्या आणि पोरं उपाशी होती. केंद्रात येणारी बाळं एका संसर्गातून उठली की दुसऱ्यात पडत, कारण अंगात ताकदच नव्हती. मग डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला सुरुवात केली: दूध, भाजी, मांस, फळं, इतक्या माणसांच्या घरासाठी इतकं. गावच्या किराणा दुकानदाराने तो कागद घ्यायचा, सामान द्यायचं आणि बिल आरोग्य केंद्राच्या औषध खात्याकडे पाठवायचं. वरून विचारणा झाली की औषधाचा पैसा अन्नावर कसा काय खर्च करता? गायगरांचं उत्तर पुढे अनेकदा सांगितलं गेलं. आमच्या पुस्तकात तरी कुपोषणावरचा उपाय अन्न असाच लिहिलाय, अशा अर्थाचं.

पण कागद लिहून प्रश्न कायमचा सुटणार नव्हता. समाजसंघटक जॉन हॅच यांनी वस्तीतल्या लोकांच्या बैठका घेतल्या आणि त्यातून सहकारी शेती उभी राहिली. कालपर्यंत दुसऱ्याच्या कापसात राबणारी माणसं आता स्वतःसाठी भाजीपाला पिकवू लागली. केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले, घरांच्या जाळ्या दुरुस्त केल्या, आणि त्याच वेळी बाळंतपणंही केली. आज अमेरिकेत अशा धर्तीची सुमारे चौदाशे सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत आणि तीन कोटींवर लोक तिथे उपचार घेतात. त्या सगळ्यांची मुळं माउंड बायू आणि बॉस्टनमधल्या त्याच काळातल्या केंद्रात आहेत.

कोणी म्हणेल, मग मिसिसिपीचा प्रश्न मिटला असेल. मिटला नाही. 2024 मध्ये तिथला शिशुमृत्यू दर 9.7 वर गेला आणि ऑगस्ट 2025 मध्ये राज्याने सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. एकदा उघडलेलं दार आपोआप उघडं राहत नाही. त्याला दर वर्षी पैसा आणि माणसं लागतात.

बाल्टिमोरने काय केलं

2009 मध्ये सव्वाशेहून जास्त बाळं दगावल्यावर बाल्टिमोरच्या आरोग्य खात्याने स्थानिक संस्था, विमा कंपनी आणि विद्यापीठांना सोबत घेऊन एक मोहीम सुरू केली, ‘बीमोर फॉर हेल्दी बेबीज’ नावाची. तिची एक गोष्ट मला विशेष वाटते. सुरुवात प्रत्येक मृत्यूकडे नीट पाहण्यापासून झाली.

ही पद्धत अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आहे. बाळ गेल्यावर काही आठवड्यांनी एक परिचारिका किंवा समाजसेविका आईला भेटते. आईची तयारी असेल तरच. काय झालं, कोण काय म्हणालं, कुठे उशीर झाला, कोणी ऐकून घेतलं नाही, हे आईच्या शब्दांत लिहून घेतलं जातं. हॉस्पिटलच्या नोंदी त्याला जोडतात. मग नाव, पत्ता, डॉक्टरचं नाव, सगळं काढून टाकतात आणि तो कागद एका टेबलावर येतो. टेबलाभोवती प्रसूतितज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवक, घरबांधणी खात्याची माणसं असतात. कोणावर ठपका ठेवायचा नाही असा नियम. शोधायचं एवढंच की कुठे काही वेगळं झालं असतं तर हे बाळ वाचलं असतं. तपासणीची वेळ कामाच्या तासांत होती म्हणून ती गेली नाही का? आधीच्या बाळंतपणानंतर तिचा विमा संपला आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या का? एका कागदावर हे दुर्दैव वाटतं. असे तीस कागद एकापाठोपाठ वाचले की त्यात एकच खाचखळगा पुन्हा पुन्हा दिसतो. मग दुसरा गट, ज्यात वस्तीतली माणसं असतात, तो खळगा बुजवायच्या मागे लागतो.

बाल्टिमोरमध्ये वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे झोपेतले मृत्यू. तान्हं बाळ मोठ्यांच्या पलंगावर, सोफ्यावर, उशा-पांघरुणांच्या ढिगात झोपलं आणि श्वास कोंडला. देशभर 1994 पासून बाळाला पाठीवर झोपवा ही मोहीम चालू होती. त्यानंतर झोपेत अचानक होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, पण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळांमधला फरक काही मिटला नाही. पत्रकं दवाखान्यात वाटली गेली होती. घरात मात्र आजी सांगत होती की बाळ पाठीवर झोपलं तर दूध वर येऊन गुदमरेल. आजीने चार पोरं वाढवलेली असतात. पत्रकाचा तिच्यापुढे काय टिकाव लागणार?

बाल्टिमोरच्या मोहिमेने तीन शब्दांत सांगितलं: एकटं, पाठीवर, पाळण्यात. ते सांगायला त्याच शहरातल्या, आपलं बाळ असं गमावलेल्या आया पुढे आल्या. त्यांची चित्रफीत प्रसूतिगृहांतून दाखवली गेली. आज्या, मावश्या, बाळाचे वडील यांनाही संदेशात धरलं. आणि घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या फक्त बोलून परत आल्या नाहीत. बाळ झोपतं कुठे, ते त्यांनी बघितलं. पाळणा नसेल तर घडीचा पाळणा मिळवून दिला. पाळणा आहे पण त्यात कपड्यांचा ढीग आहे, कारण घरात कपाटच नाही, हे दिसायला घराच्या आत जावं लागतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मुलीचं बाळंतपण म्हणून पुण्या-नाशिकची आई सहा महिन्यांसाठी जाते. हॉस्पिटलची परिचारिका म्हणते, बाळाला शेजारी घेऊन झोपू नका. आई म्हणते, आमची सगळी मुलं कुशीतच वाढली. अशा वेळी मुलीची ओढाताण होते. आजीच्या मायेला धक्का न लावता पाळणा पलंगाच्या अगदी जवळ ओढून घेणं, हा बऱ्याच घरांत निघालेला मार्ग आहे. पण त्या सहा महिन्यांत आजी आणखी काय करते तेही बघा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालीश, रात्री बाळ घेऊन फेऱ्या, बाळंतिणीला दुपारची दोन तास झोप. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात कामावर जावं लागणाऱ्या, आणि जिची आई स्वतःच दोन पाळ्यांत राबतेय अशा बाईकडे यातलं काहीच नसतं. अमेरिकेत आजही देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजा नाही. 1993 च्या कायद्याने बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, तीही सगळ्यांना नाही.

शहराने अप्टन आणि ड्रुइड हाइट्स या पश्चिमेकडच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाबरोबर खोलवर काम केलं. गरोदर बायकांना शोधून काढणं, आयांचे गट, घरभेटी, नैराश्याकडे लक्ष. 2009 चा साडेतेराचा आकडा 2012 मध्ये 9.7 आणि 2015 मध्ये 8.4 वर आला. पुढे तो कधी वर गेला, कधी खाली आला, आणि दरी पुरती मिटली नाही. तरी तेवढ्या सहा वर्षांत जी बाळं वाचली ती आज शाळेत आहेत.

सिनसिनाटीने मधेच रस्ता बदलला

ओहायो राज्यात सिनसिनाटी शहर ज्या हॅमिल्टन काउंटीत आहे, तिथे 2013 मध्ये ‘क्रेडल सिनसिनाटी’ हा असाच प्रयत्न सुरू झाला. सुरुवातीचा भर तीन गोष्टींवर होता: दोन बाळंतपणांत अंतर, धूम्रपान बंद आणि सुरक्षित झोप. तिन्ही गोष्टी बरोबर, पण तिन्ही आईने काय करावं याच्या सूचना. पुढे काम जसं वाढत गेलं तसं त्यांच्या लक्षात आलं की कृष्णवर्णीय बायकांना सूचनांपेक्षा ऐकून घेणारं कोणीतरी हवंय. त्यातून ‘क्वीन्स व्हिलेज’ उभं राहिलं. कृष्णवर्णीय बायकाच ते चालवतात. एकत्र जेवण, मुलं सांभाळायला कोणीतरी, गप्पा, विसावा, आणि त्यातूनच हॉस्पिटलांना ठणकावून सांगणं की आमचं दुखतंय म्हटलं तर ऐका. ज्या झिजेबद्दल आधी बोललो, तिच्यावर थेट काम करायचा हा प्रयत्न आहे. ज्या बाईला दिवसभर कुठेतरी स्वतःला सिद्ध करत बसावं लागतं, तिला एक जागा अशी मिळते जिथे ते करावं लागत नाही.

पैसा हातात दिला तर?

मिशिगनमधलं फ्लिंट शहर 2014 पासूनच्या शिसं मिसळलेल्या पाण्यामुळे जगाला माहीत झालं. तो प्रकार उघडकीला आणणाऱ्या बालरोगतज्ज्ञांपैकी एक, डॉ. मोना हॅना, यांनी जानेवारी 2024 पासून तिथे एक योजना सुरू केली. फ्लिंटमध्ये राहणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला एकरकमी 1500 डॉलर, आणि बाळ झाल्यावर वर्षभर दर महिन्याला 500 डॉलर. उत्पन्नाची अट नाही. वंशाचीही नाही.

वंशाची अट नसण्यामागे एक कारण समजून घ्यायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोत 2021 मध्ये खास कृष्णवर्णीय आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या गरोदर बायकांसाठी अशीच योजना सुरू झाली होती. 2023 मध्ये तिला कोर्टात आव्हान मिळालं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केल्यापासून अशा प्रत्येक योजनेवर टांगती तलवार आहे. फ्लिंटसारखी बहुसंख्य कृष्णवर्णीय, गरीब शहरं निवडायची आणि तिथल्या सर्वांना द्यायचं, हा मार्ग कायद्यातही टिकतो आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत असूयाही पेरत नाही. मला तो शहाणपणाचा वाटतो.

जे चाललं नाही तेही सांगायला हवं

या क्षेत्रात चांगल्या हेतूचे लोक खूप आहेत, आणि त्यामुळेच चांगली वाटणारी प्रत्येक गोष्ट चालतेच असं समजायचा मोह होतो. पहिलटकरणींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका पाठवण्याची एक योजना अमेरिकेत अनेक दशकं नावाजली गेली आहे. साउथ कॅरोलायनात साडेपाच हजारांवर गरीब गरोदर बायकांवर तिची चिठ्ठ्या टाकून काटेकोर चाचणी झाली. 2022 मध्ये निकाल आला: अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळं काही कमी झाली नाहीत. आठ-दहा गरोदर बायकांना एकत्र बसवून तपासायचं, बोलायचं, या पद्धतीने 2007 च्या चाचणीत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं एक तृतीयांशाने घटलेली दिसली होती. पुढे साउथ कॅरोलायनातल्याच मोठ्या चाचणीत एकंदरीत फरक दिसला नाही.

2020 मध्ये फ्लोरिडाच्या नोंदींवरून एक अभ्यास फार गाजला. कृष्णवर्णीय बाळाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला तर त्याच्या मृत्यूचा जास्तीचा धोका निम्मा होतो, असं त्यात म्हटलं होतं. 2024 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. दीड किलोपेक्षा कमी वजनाची, सर्वांत नाजूक बाळं बहुतेक गोऱ्या विशेषज्ञांकडे जात होती. हे हिशोबात धरल्यावर तो फरक उरला नाही. कृष्णवर्णीय डॉक्टर वाढायला हवेत याची कारणं पुष्कळ आहेत. हा आकडा मात्र त्यातून वगळायला हवा, नाहीतर विरोधकांना आयतंच हत्यार मिळतं.

घरभेटी वाया जातात असा याचा अर्थ मी काढत नाही. गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू झालेली मदत अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण थांबवायला बहुधा उशिराची ठरते, आणि झोपेतल्या मृत्यूसारख्या जन्मानंतरच्या गोष्टींवर ती जास्त लागू पडते. बाल्टिमोरचा अनुभव याच्याशी जुळतो.

म्हणून गरोदर नसलेल्या बाईच्या आरोग्याचा प्रश्न कळीचा होतो. अमेरिकेत दहातली चार बाळंतपणं गरिबांच्या सरकारी विम्यातून, मेडिकेडमधून होतात. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या घरात आहे. पूर्वी हे संरक्षण बाळंतपणानंतर साठ दिवसांत संपायचं. 2022 पासून राज्यांना ते वर्षभर द्यायची मुभा मिळाली आणि जवळपास सगळ्या राज्यांनी ती घेतली. या बदलामागे अनेक वर्षं झटणाऱ्यांत ज्यांची बाळं किंवा लेकी गेल्या अशा घरांतली माणसं होती. कृष्णवर्णीय बाळंतिणींच्या सोबतीला राहणाऱ्या मदतनीस बायकांनाही आता अनेक राज्यांत याच विम्यातून पैसे मिळतात, जरी दर इतका कमी असतो की त्यावर घर चालवणं कठीण.

जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने मात्र मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावली. 2027 च्या सुरुवातीपासून बऱ्याच राज्यांतल्या प्रौढांना महिन्याला 80 तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागेल. गरोदर बाईला त्यातून सूट आहे. गरोदर नसलेल्या, तुटक कामं करणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या पंचविशीतल्या मुलीला नाही. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या पिशवीत पाळण्याच्या माहितीबरोबर आता तिच्या कामाच्या तासांचा हा फॉर्मही असेल, आणि तो वेळेत भरला गेला की नाही यावर पुढच्या बाळंतपणाचं बरंच काही ठरेल.